लेकीच्या घरचं पाणी

लग्न होऊन मी मुरबाडकडे आले तेव्हा माझा सगळ्यात मोठा राग एका रीतीवर होता. लेकीला पोर होईपर्यंत बापानं तिच्या घरचं पाणीसुद्धा घ्यायचं नाही. बा डोळखांबच्या बाजूनं बैलगाडी हाकत भेटायला यायचा, घामाघूम होऊन ओटीवर टेकायचा आणि बरोबर आणलेल्या वाळक्या भोपळ्याच्या भांड्यातलं पाणी प्यायचा. परक्याला गूळपाणी आणि जन्मदात्याला कोरडी ओटी! मी आत भांडी आपटायचे.

पहिल्या बाळंतपणाला माहेरी गेले, तर बाचे डोळे सुजलेले. पायावर बोट दाबलं की खळगा तसाच राहायचा. शहापूरच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं, मूत्रपिंडं बिघडलीत. मीठ बंद, आणि दिवसाला एकच लहान तांब्या पाणी. जास्त झालं तर अंगात साठून दम कोंडेल.

"आणि तहान लागली तर?" बानं विचारलं म्हणे.

"तिच्याशी भांडायचं नाही. गप्प बसायचं, श्वास येतो-जातो तिकडे लक्ष द्यायचं. तहान कुठं लागलीय, जिभेला की टाळ्याला, तेही बघायचं."

हे सांगताना आई पदर तोंडाला लावून हसायची. कारण आमचा बा म्हणजे बांधाच्या वीतभर मातीसाठी अख्ख्या गावाशी भांडलेला माणूस.

पण बसायला लागला खरा. दुपारी घसा सुकला की आंब्याखाली मांडी घालायचा. आधी नुसती चुळबुळ आणि शिव्या. आई म्हणायची, "बगळा बसला गो, मासे सांभाळा!" हळूहळू त्याचा चेहरा सैल होत गेला. एकदा मला म्हणाला, "तहान पावन्यासारी हाय गो. जा म्हटलं की बसते. बस म्हटलं की जरा वेळानं आपली आपण उठते." मी पोराला मांडीवर घेऊन त्याच्याजवळ बसायचे. झाडाखाली नुसते आम्ही तिघं. तसे निवांत दिवस मला पुन्हा मिळाले नाहीत, अजून त्यांची आठवण आली की जीव हळवा होतो.

पोर घेऊन मी सासरी परतले. पौषात म्हशाच्या जत्रेच्या सुमारास बा आणि आई गाडीनं आली. आता रीत सुटली होती, पण बाची सूज वाढली होती. आई आत येऊन माझ्या कानाशी पुटपुटली, "सकाळधरनं थेंब घेतला नाय त्यानं. लेकीकडंच पिईन म्हणतो."

तेवढ्यात सासूबाई चहा घेऊन ओटीवर गेल्या. लढाईचे दिवस, साखर औषधाला मिळायची नाही. तरी व्याही आले म्हणून जपून ठेवलेली साखर घालून पेला काठोकाठ भरलेला. चहा घेतला तर पाणी गेलं. नाकारला तर विहिणीचा अपमान. दोन्ही घेतलं तर जिवावर बेतायचं.

बानं घाई केली नाही. पेल्याकडे बघत दोन-चार श्वास घेतले, आंब्याखाली घ्यायचा तसेच.

"विहीनबाई, राग नका धरू. मला दिसाला एकच तांब्या. आजचा मी लेकीसाठी राखलाय."

सासूबाई पेला उचलून मला म्हणाल्या, "बघत काय रायलीस? आन गो पानी!"

मी लहान तांब्या भरून दिला. बा घोट तोंडात धरायचा, डोळे मिटायचा, मग गिळायचा. तांब्या संपायला इतका वेळ लागला की आईच्या मांडीवरचं पोर झोपून गेलं. त्यानं रिकामा तांब्या पुढं केला आणि सवयीनं, कुणाही पाहुण्याला विचारतात तसं, माझ्या तोंडून निघून गेलं, "आनखी देऊ?"

आईनं डोळे वटारले. मी जीभ चावली. शिमग्याआधीच बा गेला, त्यामुळे माझ्या घरी त्याला असं विचारणं तेवढं एकदाच घडलं.

बा मात्र हसला. "नको गो," म्हणाला, "पन इचारलंस, पोट भरलं."