मंगळासाठी मंचरचं बेणं

सकाळी पुण्याहून एसटीत बसलो तेव्हा मांडीवरच्या डब्यात तीन सडके बटाटे होते आणि शेजारचा माणूस नाकाला रुमाल लावून बसला होता. हे मंगळावरचे आहेत म्हणालो असतो, तर कंडक्टरने मला चाकणलाच उतरवलं असतं.

मी कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवतो. गच्चीवर आम्ही एक हवाबंद खोली केली आहे. तिच्यात खडी फोडतात तिथली काळ्या दगडाची भुकटी आणि वर खताचं मोजकं पाणी. उद्या माणूस मंगळावर राहायला गेला, तर तसल्या निर्जीव मातीत पिकवणार काय आणि खाणार काय, एवढाच आमचा प्रश्न. दोनदा बटाटे लावले, दोन्हीदा कुजले. तिसऱ्यांदा कुजले तर खोलीत मोडकी बाकं ठेवायची, असं प्राचार्यांनी बजावलं होतं. त्या खोलीत माझा जीव अडकला होता.

मंचरला हायवेवर ट्रकांची रांग आणि कांद्याचा उग्र वास. बाजारातल्या आडत्याने डब्यात डोकावून तोंड वाकडं केलं. "पावणं, हे बेण्याचं (लावायच्या बटाट्यांचं) काम सुनंदाताईंना इचारा." लगेच फोन लावला, "जयभीम ताई, पुण्याचं मास्तर धाडतोय," आणि मला एका मोटरसायकलवर बसवलं. वाटेत माझी एक चप्पल कालव्यात गेली. उरलेली हातात घेऊनच ताईंच्या बांधावर उतरलो.

आंब्याखाली ताई आणि तीन बाया विळ्यांनी बटाटे कापत होत्या. प्रत्येक फोडीला कोंब फुटायचा डोळा राहील असा काप घ्यायचा आणि फोड सावलीत गोणपाटाखाली पसरायची.

"आजच लावणार?" मी विचारलं.

"आज? सडंल की समदं!" ताई म्हणाल्या. "तीन-चार दिस सावलीत पडू द्यायचं. कापल्याली जागा कातडी धरती, मंग मातीत. तुमी कवा लावलं व्हतं?"

"कापल्या कापल्या. साबणाने धुऊन."

बाया इतक्या हसल्या की एकीने विळाच खाली ठेवला.

"अवो मास्तर, वली जखम चिखलात गाडली व्हय!"

लाज वाटली, पण त्याहून जास्त हायसं वाटलं. दोष मंगळाच्या मातीचा नव्हता, आमचा होता, आणि आपली चूक आपल्याला सुधारता येते. दुपारी ताईंनी मासवडी (नावातच मासा, बाकी बेसन, तीळ आणि खोबरं) आणि झणझणीत रस्सा वाढला. मंगळाची सगळी गोष्ट त्यांना सांगत जेवलो; कित्येक महिन्यांत इतका निवांत जेवलो नव्हतो. निघताना त्यांनी पिशवीभर बेणं दिलं, शिवाय घरातली एक जुनी चप्पलजोडीही.

पुण्यात फोडी चार दिवस जिन्याखाली ठेवल्या, मग लावल्या. तिसऱ्या आठवड्यात एका सकाळी दार उघडलं. कुजका वास नव्हता. काळ्या भुकटीला तडा गेला होता आणि त्यातून जांभळट कोंब वर आले होते. मी तिथेच फतकल मारून बसलो. रडू आलं, ते आवरलं नाही.

ताईंना फोन केला.

"लई ब्येस झालं! पन तिकडं मंगळाव कोन कोन जानार हाय?"

आमच्या प्रयोगाच्या आराखड्यात मंगळावर जाणाऱ्यांची आम्हीच कल्पिलेली यादी होती, ती मी वाचली. वैमानिक, डॉक्टर, इंजिनिअर, भूगर्भशास्त्रज्ञ.

"आन बेणं कोन कापनार?"

यादी पुन्हा वरून खाली पाहिली. कोणीच नव्हतं.

"ताई, तुम्ही येता का?"

"आदी पानी बेतानं घाला," त्या म्हणाल्या. "मंग बघू."