पूर्वेकडे तोंड

गावात मला सगळे फादर म्हणतात. मी फादर नाही, प्रोटेस्टंट चर्चचा पाळक आहे. मला बायको आहे, दोन मुली आहेत. सुरुवातीची काही वर्षं मी प्रत्येकाला थांबवून हा फरक समजावून सांगायचो. लोक मन लावून ऐकायचे, मान डोलवायचे आणि जाताना "बरं, येतो फादर" म्हणायचे. शेवटी मीच नाद सोडला.

राळेगावच्या बाजूचं आमचं गाव. चर्चची मंडळी एकोणीस घरांची. तरुण पोरं पुण्याला नाहीतर नागपूरला, ती नाताळात येतात, फोटो काढतात आणि जातात. रविवारी इथे आठवडी बाजार भरतो, त्यामुळे माझी घंटा आणि कांदेवाल्याचा भोंगा एकाच वेळी सुरू होतात. मला कोणाचा विरोध नाही. उलट सगळे फारच चांगले वागतात. शांतता समितीच्या बैठकीत माझी खुर्ची ठरलेली असते, शाळेच्या स्नेहसंमेलनात नारळ ठरलेला असतो. मी उठतो, सगळे धर्म शेवटी चांगलंच सांगतात असं दहा मिनिटं बोलतो, टाळ्या पडतात, चहा येतो. वीसेक वर्षं हेच बोलून जिभेला सवय झाली होती. ती सवय जिभेवरून खाली कधी उतरली, ते मात्र माझ्या लक्षात आलं नाही.

आमच्या मंडळीत एक म्हातारी नर्स होती. सरकारी दवाखान्यातून निवृत्त झालेली, नवरा लवकर गेलेला, एकुलता मुलगा पुण्यात. सगळं गाव तिला सिस्टर म्हणायचं. अर्ध्या गावाचा जन्म तिच्या हातावर झालेला, म्हणून ती कोणालाही, अगदी सरपंचालाही, अरेतुरे करायची. मलाही उपदेश लांबला की पहिल्या बाकावरून घड्याळ दाखवायची. मला राग यायचा, पण मी आटोपतं घ्यायचो.

ईस्टरला, म्हणजे पुनरुत्थानाच्या रविवारी, आम्ही पहाटेची उपासना दफनभूमीत करतो. त्या वर्षी उपासना संपल्यावर ती काठी टेकत भिंतीजवळच्या कोपऱ्यात गेली. तिथली काटेरी बाभूळ नुकतीच तोडली होती, आसपास एकही जुनी कबर नव्हती. काठीनं जमिनीवर रेघ मारत ती म्हणाली, "पास्टर, मले इथं ठेवजा. आन् तोंड पूर्वेकडंच करजा, इसरू नका. माह्ये गुडघे काई कामाचे नाईत. प्रभू येईन तवा मले फिराव लागू नये."

आमच्यात प्रेताचे पाय पूर्वेला ठेवतात. शेवटच्या दिवशी प्रभू पूर्वेकडून येईल आणि मेलेले उठून उभे राहतील तेव्हा तो समोर दिसावा, म्हणून. मला हे ठाऊक होतं, पण गुडघ्यांचा हिशेब करून ठेवलेली बाई मी पहिल्यांदाच पाहत होतो. मी हसलो आणि "ठेवतो सिस्टर, शब्द देतो" म्हणालो.

दहा दिवसांनी ती सकाळी अंगणात पाणी शिंपडताना गेली.

एप्रिल महिना, ऊन बेचाळीसच्या पुढे. मुलगा पुण्याहून निघाला होता, तो चारपर्यंत पोचणार होता. दफन पाचला ठरलं. प्रश्न होता कबरीचा. आमच्याकडे कबर मजुरांकडून खणून घेत नाहीत. माणूस आपलं, तर खड्डाही आपल्याच हातानं खणायचा, अशी जुनी रीत. पण त्या दिवशी गावात हजर असलेले आमचे पुरुष होते चार. तिघांनी साठी ओलांडलेली आणि चौथा मी, मणका सरकलेला, कमरेला पट्टा. कोणीतरी जेसीबी सुचवला. सिस्टरला काय पाइपलाइन समजून गाडायचं आहे का, असं मी ओरडलो. तसाही दफनभूमीच्या गल्लीतून जेसीबी गेलाच नसता.

चर्चच्या समोर एका चाचांचं गॅरेज आहे. मोटारसायकली, पाण्याच्या मोटारी, सगळं दुरुस्त करतात. त्यांच्या कब्रस्तानात कोणी वारलं की खणायला पहिले तेच जातात, सेवा म्हणून. मी दारात जाऊन उभा राहिलो. रोजे चालू होते हे मला माहीत होतं, म्हणून मदत मागवेना. सिस्टर गेली, एवढंच बोललो. त्यांनी हातातला पाना खाली ठेवला.

"कोण खोदून राह्यलं?"

मी कमरेच्या पट्ट्यावर हात ठेवला.

"अरे, मंग सांगत काहून नाई? माह्ये तिन्ही लेकरं तिच्या हातावर झाले फादरसाब. जागा दाखवा फक्त."

मी कोपरा दाखवला आणि शवपेटीसाठी यवतमाळला पळालो. पेटी, हार, दवाखान्याचा कागद, मुलाचे सारखे फोन. परत आलो तेव्हा अडीच वाजले होते. तडक दफनभूमीत गेलो. चाचा, त्यांचा भाऊ आणि शेजारचा वेल्डिंगवाला भिंतीच्या बोटभर सावलीत बसले होते. ओठ पांढरे पडलेले. वरची काळी माती भेगाळलेली होती, पण खाली मुरूम दगडासारखा. सब्बलीच्या खुणा खड्ड्याच्या भिंतींवर दिसत होत्या. इतकी साफ, काटकोनातली कबर मी आयुष्यात पाहिली नव्हती.

फक्त ती उत्तर-दक्षिण होती.

त्यांची कबर तशीच असते. तीस वर्षं हाताला जी दिशा माहीत, त्याच दिशेनं हात चालला. शेजारी दुसरी कबर असती तर कळलं असतं. आणि मी, ज्यानं शब्द दिला होता, तो जागा दाखवून निघून गेलो होतो. चूक सगळी माझी होती.

मी काठावर उभा राहून हिशेब केला. उपाशीतापाशी माणसं, पाण्याचा घोट नाही, असलं ऊन. सिस्टरच्या मुलाला कळणार नाही. मंडळीतल्या कोणाच्या लक्षात आलंच, तर समजावता येईल. देवाला दिशा कुठे असते? हे वाक्य मला तयारच मिळालं. माझ्या दहा मिनिटांच्या भाषणातलंच होतं ते.

पण चेहऱ्यावर काहीतरी दिसलं असणार. चाचा उठले. "काय झालं? कमी पडली का?"

"नाही चाचा, फार छान झाली. आमची जरा पूर्व-पश्चिम असते, एवढंच. पण चालतं. दिशेनं काय होतं?"

त्यांनी खड्ड्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "सिस्टर काई बोलली होती का?"

खोटं बोलता आलं असतं. पण पुढे खड्डा होता, बोलवेना. मी गुडघ्यांची गोष्ट सांगितली. भाऊ आणि वेल्डिंगवाला हसले. चाचा हसले नाहीत.

"मंग चालते कसं म्हणता फादरसाब? ते तर उठणार हाय म्हणून सांगून गेली. उठली आन् समोर भिंत दिसली तर?"

"चाचा, तुमचे रोजे आहेत. मी कोणत्या तोंडानं..."

"रोजा आमचा हाय, तुमाले कायले तरास?" त्यांनी सब्बल उचलली. "तुमी फक्त पूर्व नीट दाखवा. आता घोळ नको."

मी हात लांब करून पूर्व दाखवली. दहा दिवसांपूर्वी याच जागी माइक लावून मी मेलेले उठतील असं घसा फोडून सांगितलं होतं. ते माझ्यापेक्षा जास्त खरं मानणारा हा माणूस माझ्या मंडळीतला नव्हता, माझ्या धर्मातलाही नव्हता. मला भयंकर लाज वाटली. मग लाजेच्याही पुढचं काहीतरी वाटलं, मंदिर-मशीद-चर्चमध्ये कुठेही वाटलं नव्हतं असं. मी चप्पल काढून उभा राहिलो. मुरूम तापलेला होता, तळवे भाजत होते, तरी पायात घालावीशी वाटली नाही.

नवीन कबर वेगळी खणायला वेळ नव्हता. आहे त्याच खड्ड्याच्या मधोमध ते दोन्ही बाजूंना आडवं खणत गेले. कमरेचा पट्टा आवळून मीही घमेली ओढली. चाचांनी दोनदा हाकललं, मी गेलो नाही. साडेचारला ते वर आले तेव्हा काठावरून मला खड्ड्याचा आकार दिसला. उभा एक, आडवा एक. त्यांना तो दिसला की नाही, मी विचारलं नाही. जास्तीच्या दोन्ही बाजू त्यांनी लगेच मातीनं भरून ठोकून घेतल्या. यावर मी आजवर एकही उपदेश केलेला नाही.

पाचला मंडळी आली, सिस्टरचा मुलगा आला, अर्धं गावही आलं. पाय पूर्वेला करून आम्ही तिला खाली सोडलं. मी "मातीला माती" हे दफनविधीचे शब्द म्हणालो. सगळे मूठमूठ माती टाकून गेले.

चाचा मागे थांबले होते. पायथ्याशी उभे राहून त्यांनी पूर्वेकडे पाहिलं. तिकडे पडकं कुंपण, त्यापलीकडे नांगरून ठेवलेलं वावर आणि मोकळं आभाळ होतं. बराच वेळ त्यांनी डोळ्यांवर हात धरून अंदाज घेतला, गाडीचं चाक सरळ बसलं की नाही ते बघतात तसा.

"इथून दिसंन ना तिले?" त्यांनी विचारलं.

असल्या प्रश्नांवर मला पुष्कळ बोलता येतं. त्या दिवशी मी फक्त "हो चाचा, दिसंन" म्हणालो. आणि कित्येक वर्षांत पहिल्यांदा मी जे बोललो ते मला खरं वाटलं.