फुलं गाईडात हसतात

स्टाफरूममधले किस्से साठवावे लागत नाहीत, आपोआप साठतात. बाकीच्या मॅडम ते सांगून हसतात. मला हसू येत नाही, संताप येतो.

भोकरदन तालुक्यातल्या आमच्या शाळेत नववीला मराठी मी शिकवते आणि पेपर तपासतात जाधव सर. आपल्या वर्गाचे पेपर आपण तपासायचे नाहीत, असा इथला नियम. मी सांगते, अलंकाराचं उदाहरण स्वतःच्या मनाचं लिहा. सर तपासताना शेजारी गाईड उघडं ठेवतात.

*

चाचणीत चेतनागुणोक्ती विचारली होती, म्हणजे निर्जीव वस्तू माणसासारखी वागते तो अलंकार. एकानं लिहिलं, 'जालन्याची एसटी आज फाट्यावरच रुसून बसली.' सरांनी शून्य दिलं.

मी तडक जाऊन विचारलं, "फुलं हसली तर चालतं, मंग एसटी का रुसू नये?"

"मॅडम, फुलं गाईडात हसतात. एसटी कोणत्या गाईडात रुसली, दाखवा."

*

मी मुख्याध्यापकांकडे तक्रार नेली. ते म्हणाले, "आपली शाळा म्हणजे ज्ञानाचा महासागर. लाटा तर उठणारच."

"सर, हे रूपक गाईडमध्ये नाही."

"मंग? मी काय परीक्षेला बसून राह्यलो का?"

*

सहामाहीत उपमा आली. आमच्या सुषमाची आई दुसऱ्यांच्या शेतात कापूस वेचते. सुषमानं लिहिलं, 'माझ्या आईचे हात कापसाच्या वाळल्या बोंडासारखे आहेत. डोक्यावरून फिरवले की टोचतात.'

पेपर वाटताना ते वाचून सहा महिने शिकवल्याचं सार्थक झालं असं मला वाटलं, तेवढ्यात शेजारचं लाल शून्य दिसलं. खाली शेरा होता, 'हात कमळासारखे असतात.'

माझ्या अंगाची लाहीलाही झाली. मी स्टाफरूममध्ये सगळ्यांसमोर सरांना नको ते बोलले. ते शांतपणे म्हणाले, "उद्या बोर्डात हिचा मार्क गेला तर तुम्ही आणून देणार का?"

प्रश्न खरा होता, म्हणून जास्तच चीड आली. सुषमा पेपर घेऊन दारात उभीच होती.

"मॅडम, माझं चुकलं का?"

"बिलकुल नाही."

"मंग मार्क का न्हाई दिला?"

*

वार्षिक परीक्षेचे पेपर तपासून झाले. जाधव सर एक पेपर घेऊन खुशीत माझ्या टेबलापाशी आले.

"बघा मॅडम, शिकली का न्हाई तुमची सुषमा? पूर्ण मार्क दिले."

मी वाचलं. सुंदर अक्षरात लिहिलं होतं, 'माझ्या आईचे हात कमळासारखे कोमल आहेत.'