धोतऱ्याच्या फरश्या

लग्न होऊन मी गेवराईजवळच्या कुंभारवाड्यात आले, तेव्हा घरधनी हैदराबादेहून चिनी फरश्यांचं काम शिकून नुकतेच परतले होते. ओल्या मातीच्या चौकोनावर खरं पान दाबायचं. भट्टीत पान जळून जायचं आणि ठसा उरायचा. मग वरून झिलई देऊन पुन्हा भाजायचं. पानं आणायचं काम माझं. करंज, आपटा, तरवड, ओढ्याकाठी मिळेल ते.

आमच्या जहागीरदारांनी नवी हवेली बांधली आणि धाकट्या लेकाच्या खोलीची एक भिंत फरश्या लावायला आम्हाला दिली. मला धोतऱ्याचं फूल आवडायचं, लांब आणि कर्ण्यासारखं. मी तीच फुलं तोडून आणली. हिरव्या झिलईखाली ती इतकी उठून दिसली की घरधनी कितीतरी वेळ फरशी हातात घेऊन बसले.

भिंत निम्मी झाली आणि ते पोर तापानं फणफणलं.

सकाळी शिपाई दारात उभा. "चला, सरकारांनी बोलावलंय."

"काय झालं, दादा?" मी विचारलं.

माझ्याकडं न बघता तो म्हणाला, "पोराच्या उशाला इखाचं झाड का म्हनून लावलं, असं इचारत्यात."

माहेरी एका बाईवर करणीचा आळ आला होता. गावानं तिला पाणी भरू दिलं नव्हतं, आणि एक दिवस ती दिसेनाशीच झाली. मी घरधन्यांच्या मागोमाग निघाले.

हवेलीच्या ओट्यावर जहागीरदार बसले होते. "कुणी सांगितलं तुला हे लावायला?"

"कुणी न्हाई, सरकार. फूल चांगलं दिसलं, म्हणून." घरधन्यांचा आवाज ओळखू येत नव्हता.

मी पदर सावरत पुढं झाले. "फुलं म्या आणलीत, सरकार. परळीच्या वैजनाथाला हीच वाहत्यात."

"देवाचं देवापाशी. हे माझ्या लेकाच्या उशाशी हाय. ताप उतरंपर्यंत ह्याला सोडायचं न्हाई."

घरधन्यांना घोड्यांच्या पागेत कोंडलं. मी अंगणात भिंतीला टेकून बसले. येता-जाता बायका लुगडं आवरून लांबून जायच्या. आतून पोराचं रडणं ऐकू येत होतं. ते थांबलं की माझा श्वास अडकायचा. पुन्हा सुरू झालं की बरं वाटायचं. दुसऱ्याचं लेकरू रडतंय म्हणून मला बरं वाटत होतं, असा तो दिवस.

दुपार कलल्यावर म्हातारी दाई लगबगीनं बाहेर आली. "सरकार, पोराला गोवर हाय. कानामागं पुरळ फुटलंय. खालच्या आळीत घरोघर हाच ताप हाय."

जहागीरदार आत गेले. बाहेर आले ते शिपायाला एवढंच म्हणाले, "सोड त्याला."

घरी आल्यावर घरधन्यांनी पाण्याचा तांब्या उभ्यानंच रिकामा केला.

पोर बरं झालं. हवेलीतून बाईसाहेबांचा निरोप आला, भिंत पुरी करा. घरधनी म्हणाले, "म्या त्या घरी पाय ठेवणार न्हाई." मग उरलेल्या फरश्यांवर करंजाची पानं मीच दाबली, भट्टीही मीच लावली. गवंडी त्या बसवत होता तेव्हा मी उंबऱ्याबाहेर उभी होते. शेवटची फरशी बसायची होती, तेवढ्यात आत पोर खोकलं. या खेपेला फरश्या माझ्या हातच्या होत्या. मी तशीच वळले आणि घर येईस्तोवर मागं पाहिलं नाही.