मावशींनी उशिरा केलेलं लग्न

मावशींचं पाळणाघर तळमजल्यावर होतं. पुढच्या खोलीत गाद्या, खेळण्यांचा पेटारा आणि भिंतीला लागून बुटक्या खुर्च्या. मागच्या खोलीत ओटा, एक पलंग आणि पेंटरचे डबे. आई-बाप कामावर जाताना पोर मावशींच्या कडेवर देत आणि संध्याकाळी तेच पोर धुतलेल्या तोंडाने, चापूनचोपून भांग पाडलेलं परत नेत. कोण घास गालात धरून बसतं, कोण झोप आली की आधी भांडण उकरून काढतं, हे मावशींना त्या पोरांच्या आयांच्या आधी कळायचं. सगळी गल्ली त्यांना मावशीच म्हणायची. पोरांचे आजोबासुद्धा.

पेंटर म्हणजे मावशींचा माणूस. दुकानांच्या पाट्या रंगवायचे. तरुणपणी पाळणाघराच्या दारावर हत्ती काढायला म्हणून आले आणि एका हत्तीला त्यांनी आठवडा लावला. शेवटी मावशींनी विचारलं, "अहो, हत्ती काढताय की पाळताय?"

"शेपूट राहिलंय," पेंटर म्हणाले.

ते शेपूट पुढे बरेच दिवस राहिलं, आणि शेपटापायी पेंटरही राहिले.

पेंटरचं आधी एक लग्न झालेलं होतं, हे त्यांनी पहिल्याच दिवसांत सांगून टाकलं. बायको गाणं शिकवायची. टर्पेंटाइनच्या वासाने तिचा गळा बसायचा, आणि तिच्या रियाजाने यांचा हात हलायचा. तिला दुसऱ्या गावी शाळेत नोकरी लागली, ती गेली. भांडण नाही, तंटा नाही. "कोर्टकचेऱ्या कोण करत बसणार?" असं म्हणून दोघांनी तो विषय जो बाजूला ठेवला, तो तिथेच राहिला. पेंटर आणि मावशी एकत्र राहू लागले. मूलबाळ झालं नाही, पण घर कधी रिकामंही दिसलं नाही. पुढे त्यांनी दोघांच्या कमाईतून ती जागाच विकत घेतली. त्या दिवशी पाळणाघरात दोन पोरांना ताप होता, म्हणून मावशींना जाता आलं नाही. पेंटर एकटे जाऊन सही करून आले. घर त्यांच्या नावावर झालं. मावशींना त्यात काही वावगं वाटलं नाही. नाव कुणाचं का असेना, झाडू त्यांच्याच हातात होता.

मग पेंटर पडले. एका औषधाच्या दुकानाची पाटी रंगवत होते. उतारवयात शिडीवर चढू नका म्हणून मावशी कानीकपाळी ओरडत होत्या, पण ऐकतो कोण? पाय मांडीत मोडला. औषधवाल्यानेच गाडीत घालून इस्पितळात नेलं. मावशी हातातला डाव तसाच टाकून, मदतनीस बाईच्या हवाली पोरं करून धावल्या.

खिडकीतल्या मुलीने विचारलं, "ऑपरेशनला सही लागेल. तुम्ही पेशंटच्या कोण?"

मावशींच्या तोंडून सवयीने निघालं, "मावशी."

मुलीने एकदा मावशींकडे पाहिलं, एकदा स्ट्रेचरवरच्या पांढऱ्या मिशांकडे. मावशी ओशाळल्या. "म्हणजे तसं नाही हो. आम्ही एकत्र राहतो. नवराच समजा."

"समजून कसं चालेल? लग्नाची नोंद आहे?"

नव्हती. पेंटर वेदनाशामक इंजेक्शनच्या गुंगीत होते, त्यांना सही करण्याची शुद्ध नव्हती. जवळचं नातेवाईक म्हणून त्यांच्या पुतण्याला फोन करावा लागला. तो येईपर्यंत मावशी बाकावर बसून होत्या. आयुष्यभर या माणसाची पथ्यं सांभाळली, आणि आता डॉक्टर काय म्हणाले तेही त्यांना कुणी नीट सांगेना.

पुतण्या आला, त्याने सही केली, ऑपरेशन नीट झालं. पोरगा वाईट नव्हता. संध्याकाळी मावशींना घरी सोडायला आला, चहा घेतला, छताकडे बघत म्हणाला, "जागा छान आहे काकांची." मग निघताना अगदी मायेने म्हणाला, "मावशी, तुम्ही काळजी करू नका. उद्या काकांचं काही झालं, तरी तुम्हाला कुणी लगेच बाहेर काढणार नाही."

दार लावून मावशींनी त्याची कपबशी विसळायला घेतली. 'बाहेर' पेक्षा त्यांना 'लगेच' जास्त बोचलं.

दुसऱ्याच दिवशी त्या चावरीकडे गेल्या. चावरी म्हणजे त्यांच्याच पाळणाघरातली जुनी पोर. लहानपणी जो हाती लागेल त्याला चावायची. आता वकील झाली होती, कौटुंबिक कज्जे चालवायची, आणि लोक म्हणत की सवय काही गेलेली नाही. मावशींना पाहताच ती खुर्चीवरून उठली. "मावशी, तू? ये ये, बस."

मावशींनी सगळं सांगितलं. चावरीने मुद्दे कागदावर टिपून घेतले. मग म्हणाली, "मावशी, वाईट वाटून घेऊ नकोस, पण सरळ सांगते. माणूस काही न लिहिता गेला, तर कायदा दोनच गोष्टी बघतो, रक्त आणि लग्न. कोणी कोणाला भरवलं, ते बघत नाही. काकांची बायको कागदावर आजही तीच आहे. म्हणजे घर आधी तिचं, मग पुतण्या वगैरे."

"आणि मी?"

"तू हक्काने काही मागायचं, तर कोर्टात भांडावं लागेल. घरात तुझाही पैसा आहे हे शाबीत करत बसावं लागेल. काकांनी हयातीत मृत्युपत्र केलं, तर हा सगळा ताप वाचतो. आणि इस्पितळात त्यांच्या वतीने कोणी बोलायचं, तेही लिहून ठेवता येतं."

पेंटर घरी आले. मागच्या पलंगावर पाय उशीवर ठेवून पडले असताना मावशींनी विषय काढला. 'मृत्युपत्र' हा शब्द ऐकताच पेंटर भिंतीकडे वळले. पाय प्लास्टरमध्ये, त्यामुळे पूर्ण वळता आलं नाही, मानच वळली.

"असलं काही केलं की वरून बोलावणं येतं."

"मग शिडीवरून काय आलं होतं?"

"ते वेगळं. आणि तुला घराबाहेर काढायला कोण येतंय? मी आहे ना!"

"तुम्ही नसाल तेव्हाचंच बोलतेय मी."

"झालं! मारलंच मला!"

मावशींनी पुढे ताणलं नाही. न जेवणाऱ्या पोराशी वाद घालायचा नसतो, ताट झाकून ठेवायचं असतं, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. पण मनातून त्या दुखावल्या होत्या. पेंटरचा चहा वेळेवर येत होता, औषध वेळेवर येत होतं, फक्त त्याच्याबरोबर येणारी बडबड बंद झाली होती. पेंटरना प्लास्टरपेक्षा ती शांतता जड जाऊ लागली.

एका दुपारी पाळणाघराच्या दारात एक म्हातारा गृहस्थ आला. नातीला न्यायला आलो म्हणाला. नात धावत जाऊन "आजोबा" म्हणत त्याच्या पायांना बिलगली. मावशींनी तिला हळूच सोडवून परत कडेवर घेतलं.

"बसा आजोबा, पाणी घ्या. पण तिच्या आईने ज्यांची नावं लिहून दिलीत, त्यांत तुमचं नाही. मी तिला फोन लावते."

"अहो, सख्खा आजोबा आहे मी तिचा!"

"दिसतंय की. नाकही तेच आहे. पण फोन लावते."

आई ऑफिसात मीटिंगमध्ये होती. फोन लागेपर्यंत आजोबा बुटक्या खुर्चीत गुडघे छातीशी घेऊन बसून राहिले. अखेर ती फोनवर आली, हसली, "द्या हो मावशी, मीच पाठवलंय, सांगायचं विसरले," म्हणाली. आजोबा नातीला घेऊन गेले.

मागच्या खोलीतून पेंटर हे सगळं ऐकत होते. मावशी आत आल्यावर म्हणाले, "पोर गळ्यात पडत होतं. तुला कळत होतं खरा आजोबा आहे. तरी थांबवलंस?"

"मला कळून काय उपयोग? उद्या कुणी विचारलं, तर माझ्या कळण्यावर पोर हवाली करता येत नाही. ज्याचं पोर आहे, त्याने सांगून ठेवायला हवं."

पेंटर बराच वेळ प्लास्टरवर बोटाने रेघा ओढत राहिले. मग म्हणाले, "त्या चावरीला बोलाव."

चावरी आली ती खाऊ घेऊनच. पेंटरची एकच अट होती, मृत्युपत्र म्हणायचं नाही. "इच्छापत्र म्हणा काका, तोही चालणारा शब्द आहे," ती म्हणाली. मग गडी खुलला. स्वतःच्या हाताने लिहीन म्हणाला. रंग नाही पण काळी शाई आणि कट निबचं पेन मागवून घेतलं. पहिली ओळ लिहून झाल्यावर चावरी कपाळाला हात लावून म्हणाली, "काका, अक्षराला सावली नको. पाटी नाहीये ही."

"सावलीशिवाय उठाव येत नाही."

"कोर्टाला उठाव नको असतो. वाचता आलं पाहिजे."

सावलीशिवाय, पण सुंदर अक्षरात, घर मावशींच्या नावे लिहिलं गेलं. साक्षीदार म्हणून औषधवाला आणि डॉक्टर आले. ज्याला मिळायचं त्याने साक्षीदार व्हायचं नसतं, म्हणून मावशींना चावरीने मुद्दाम पुढच्या खोलीत पाठवलं. सही करून पेंटर म्हणाले, "पण हे मेल्यानंतरचं झालं. जिवंतपणीचं काय? त्या खिडकीपाशी ही पुन्हा मावशी म्हणून उभी राहणार का?"

चावरीने सांगितलं, त्याला रीतसर घटस्फोट लागेल, आणि मग लग्न.

"या वयात?" दारातून मावशी म्हणाल्या.

"मग कोणत्या? पुढच्या?" पेंटर म्हणाले.

प्लास्टर निघाल्यावर दोघं बसने गाण्याच्या बाईंच्या गावी गेले. मावशी वाटभर पिशवीचे बंद गुंडाळत आणि सोडत होत्या. तिने दार आपटलं तर? दार उघडलं ते पिकल्या केसांच्या, ताठ पाठीच्या बाईंनी. त्यांनी पेंटरच्या हातातल्या काठीकडे पाहिलं.

"अजून शिडीवर चढतोस?"

संसार करत असताना त्या 'अहो' म्हणायच्या. आता सरळ 'तू'. पेंटर गडबडले. मावशींना मात्र त्या बाई तिथेच आवडल्या.

येण्याचं कारण बाईंनी नीट ऐकून घेतलं. मग त्यांना हसू फुटलं. "मी कधीची याच धास्तीत आहे! मी काही लिहून ठेवलं नाही आणि अचानक गेले, तर हे माझं घर याला मिळणार. माझा तंबोरा याच्या हातात! माझ्या भाचीने मला सांभाळलं, तिला काहीच नाही. मीच येणार होते. पण इतक्या वर्षांनी कोणत्या तोंडाने यायचं?"

पेंटर म्हणाले, "मला काही नको होतं तुझं."

"तुला नको असेल. कायद्याला देण्याची हौस."

जेवताना बाईंनी मावशींना हळूच विचारलं, "घोरतो अजून?"

"आता शिट्टीही वाजते मध्ये मध्ये."

"सुरात?"

"कुठलं काय!"

दोघी इतक्या हसल्या, की पेंटर ताट घेऊन उठले.

दोघांच्या संमतीने अर्ज झाला. पण कायद्याची रीत अशी, की नवरा-बायकोला फेरविचाराला मुदत देतात. निम्मं आयुष्य वेगळं राहिलेल्या त्या दोघांना कोर्टाने नीट विचार करून या म्हणून सांगितलं. पुढल्या तारखेला न्यायाधीशबाईंनी कागद चाळून विचारलं, "इतकी वर्षं का आला नाहीत?" पेंटर हात जोडून म्हणाले, "पाट्यांच्या ऑर्डरी होत्या, मॅडम." न्यायाधीशबाईंनी हसू दाबलं आणि सही केली.

मग एका कामाच्या दिवशी, पोरांच्या झोपेच्या वेळात, मावशी आणि पेंटर नोंदणी कार्यालयात जाऊन लग्न करून आले. पुतण्या साक्षीदार होता. त्याला चावरीने आधी सगळं समजावलं होतं. आपण काय बोलून गेलो ते त्या दिवशी उमगलं, तेव्हा त्याचे कान लाल झाले होते. सही करून त्याने मावशींना वाकून नमस्कार केला आणि पहिल्यांदा "काकू" म्हणाला. मावशींना ते इतकं नवं वाटलं, की त्यांनी मागे वळून पाहिलं. घरी परतले तेव्हा अर्धी पोरं उठून भोकाड पसरून बसली होती. नवरी मुलगी पदर खोचून दूध तापवायला लागली, नवरदेव हत्तीचा आवाज काढू लागले.

त्यानंतर पेंटर बरीच वर्षं जगले, शिडीवर न चढता. एका पहाटे झोपेतच गेले. पाठोपाठ जी कामं आली, ती मावशींनी आणि पुतण्याने मिळून केली. घर मावशींच्या नावावर व्हायला कुठे अडलं नाही. त्यांनी स्वतःचं इच्छापत्रही लगेच केलं. त्यांच्यामागे जागा मदतनीस बाईला जाईल. "तिने पाळणाघर चालवलंच पाहिजे, असं लिही," त्या म्हणाल्या, तेव्हा चावरीने समजावलं, "मावशी, गेल्यावर लगाम धरून बसता येत नाही. इच्छा लिहू शकतेस."

"मग इच्छा लिही. आणि भिंतींना भडक रंग नको, तेही लिही."

पेंटर गेल्याचं कळल्यावर गाण्याच्या बाई आल्या. दोन दिवसांसाठी म्हणून आल्या आणि दोन आठवडे राहिल्या. दुपारी पोरं झोपली, की दोघी मागच्या खोलीत भाजी निवडत बसायच्या. एक पेंटरच्या तरुणपणाचं काही सांगायची, दुसरी म्हातारपणाचं. दोघींचा माणूस एकच होता, असं ऐकणाऱ्याला वाटलंच नसतं. एकीचा पेंटर अबोल, फटकळ, कायम उशिरा येणारा. दुसरीचा बोलघेवडा, पोरांत पोर होणारा.

"हे तुझ्याकडेच शिकला तो," गाण्याच्या बाई म्हणाल्या.

"छे हो," मावशी म्हणाल्या, "पोरांनी शिकवलं."

पुढच्या खोलीत कुणीतरी झोपेतून उठून रडू लागलं. मावशींचे गुडघे दुखत होते. त्या उठायच्या आत गाण्याच्या बाई उठल्या, पोराला खांद्यावर घेतलं आणि गुणगुणत येरझाऱ्या घालू लागल्या.