पत्रिकेतलं भव्य लॉन

गावाचं नाव लिहीत नाही. दावा चालू आहे आणि आमच्या वकीलबाईंनी तंबी दिली आहे. शिरूर आणि दौंडच्या मधे कुठंतरी, एवढं पुरे.

आमच्या एसटी स्टँडमागं एक पटांगण आहे. निम्म्या गावाची लग्नं तिथंच लागली, माझंही. मग ग्रामपंचायतीची पालिका झाली आणि नव्या आराखड्यात त्या जागेवर दुकानांचे गाळे आले. आम्ही काही जण कोर्टात गेलो. पालिकेचं म्हणणं, ही जागा लोकांच्या वापरात कधी नव्हतीच, नुसती पडीक होती. कोर्टानं सांगितलं, सुनावणी सुरू होण्याआधी दोन्ही बाजूंनी आपापले कागद एकमेकांना दाखवा.

आमच्याकडं कसले आलेत कागद? पण भाकरी थापता थापता मला एकदम सुचलं: लग्नपत्रिका. पत्रिकेवर गणपती असतो, शेजारच्या वस्तीत बुद्ध आणि बाबासाहेब असतात. फेकली तर पायदळी येईल, म्हणून कुणी फेकत नाही. प्रत्येक घरात फडताळामागं, पिठाच्या डब्याखाली पत्रिकांचा गठ्ठा असतोच, आणि प्रत्येकीवर लग्नस्थळ छापलेलं. तवा तसाच गॅसवर ठेवून मी शेजारणीला हाका मारल्या. भाकरी जळली ती जळलीच.

आठवडाभर आम्ही बायका घरोघर फिरलो. मला तर झोप लागेना, परीक्षेला बसलेल्या पोरीसारखी. सगळ्यात मोठं घबाड दौंडला निघालं. माझी धाकटी नणंद तिकडं रेल्वे कॉलनीत राहते, मुलाच्या क्वार्टरमध्ये. तिनं कॉटखालची ट्रंक ओढली.

"भीमेत सोडायच्या म्हणून ठिवल्या व्हत्या, वैनी. नदीला जाणं काय झालंच न्हाई."

"बरं झालं, वन्सं. आळसाचं सोनं झालं तुमच्या."

आम्ही फरशीवर पत्रिका लावत बसलो. 'ग्रामपंचायत पटांगण', 'स्टँडमागील पटांगण', पुन्हा 'ग्रामपंचायत पटांगण'. प्रत्येकीला मी टाळी देत होते. तेवढ्यात नणंदेनं एक जाडजूड, सोनेरी काठाची पत्रिका नाकाजवळ धरली आणि तिला हसू आवरेना.

"भव्य लॉन्स, एसटी स्टँडमागं. वैनी, ही तर तुमच्याच लेकाची."

तेव्हाची मी म्हणजे काय विचारता! चाळिशी उलटलेली, पण डोक्यात हवा विशीची. व्याही पुण्याचे. मांडव उघड्या पटांगणात पडणार हे विहीणबाईंना सांगायला बाईसाहेबांची जीभ रेटेना. मग छापखान्यात जाऊन पटांगणाचं बारसं करून आल्या. गवत म्हणाल तर गाजरगवत, तेही आदल्या दिवशी गड्यांकडून उपटून घेतलेलं. आणि ही बया गॉगल लावून विहिणीला म्हणाली होती, "लॉनवर जपून चाला हं."

"ही ट्रंकेतच ऱ्हाऊ द्या," नणंद म्हणाली. "कुणाला कळतंय?"

मलाही तेच वाटलं. वकीलबाईंना फोन लावला. त्या म्हणाल्या, "आजी, सोयीचे तेवढे दाखवायचे, असं नसतं. ही पत्रिकाही यादीत जाणार."

"ते म्हणतील, कुणाचं तरी खासगी लॉन होतं. पटांगण गेलं की मग."

"म्हणू द्यात."

कागद बघायच्या दिवशी पालिकेच्या सभागृहात दोन्ही वकील समोरासमोर. पालिकेच्या फायली घेऊन त्यांचे जुने लिपिक बसलेले. आम्ही सगळे त्यांना आप्पा म्हणतो. पालिकेच्या वकिलांनी आमचा गठ्ठा चाळला आणि बरोब्बर सोनेरी काठच बाहेर काढला.

"लॉन्स? म्हणजे खासगी मंगल कार्यालय. मग सार्वजनिक वापर कुठला?"

आप्पांनी मान लांबवून पत्रिका वाचली आणि गालात हसले.

"कसलं लॉन, साहेब. त्या लग्नात मी जिलबी वाढत होतो. धूळ उडत होती म्हणून आपल्याच ग्रामपंचायतीच्या टँकरनं पाणी मारलं होतं. सगळ्याच लग्नांना मारायचो."

त्यांच्या वकिलांनी डोळे वटारले. आप्पा फाईलची दोरी सोडायला लागले.

"मग टँकरच्या नोंदी असतील," आमच्या वकीलबाई अगदी गोड आवाजात म्हणाल्या. "त्या तुमच्या यादीत दिसत नाहीत."

तिथंच बसून त्यांनी अर्ज लिहिला: त्या नोंदीही दाखवाव्यात. मी शेजारी बसून त्यांच्या पेनाकडं बघत होते, आणि पाय आपोआप हलत होते. चार वेळा तरी त्यांनी माझ्या गुडघ्यावर हात ठेवला.

कोर्टानं अर्ज मंजूर केला. नोंदी आल्या. पानोपानी ग्रामपंचायतीच्या माणसांच्या अक्षरात 'सार्वजनिक पटांगणावर पाणी मारले', 'लग्नाकरिता पाणी मारले'. जजसाहेबांनी त्या वाचल्या, चष्मा काढून पुसला, पुन्हा वाचल्या. मग हुकूम सांगितला: निकाल लागेपर्यंत तिथं कुदळ मारायची नाही.

नणंद खास दौंडहून आली होती. तिनं माझ्या दंडाला असा चिमटा काढला की मी कोर्टातच "आई गं" केलं. पट्टेवाल्यानं गप्प बसायची खूण केली. बसले, पण कशीबशी.

गावात पोचलो तर स्टँडमागं जेसीबी ट्रेलरवर चढत होता. ड्रायव्हर बिहारचा. "माताजी, जरा हटिए," म्हणाला. मी हटले नाही. म्हटलं, आधी तू जा.