दुधात बुडालेल्या फोनचा निरोप

भुताखेतांवर माझा विश्वास नाही. खरं सांगायचं तर स्वतः लिहिलेल्या प्रोग्रामवरही नसतो, तेव्हा मी सहजासहजी भुलणारा माणूस नव्हे. तरीही हे लिहितोय...

मी काटेवाडीचा. पुण्यातली नोकरी सोडून गावी आलो आणि एक ॲप बनवलं. फोटो टाका, खबर टाका, भांडा – सगळं नेहमीसारखंच, फक्त मधे कंपनी नाही, सर्व्हर नाही, इंटरनेटही नाही. दोन फोन जवळ आले की एकमेकांकडच्या पोस्ट आपोआप उचलतात, तिसरा भेटला की त्याला देतात. पोस्ट कोणाकोणाच्या फोनवरून आली, ते खाली दिसतं. आता सगळे फोन जवळ येतात कुठं? सकाळी दूध घालायला. आणि गावोगावचा पोस्टमन म्हणजे पोपटराव, वरकुट्याहून आमच्याकडं दुधाचा टेम्पो आणणारे. तिकडं इंदापूर तालुक्यात, वरकुट्यातच, माझी ताई दिलेली आहे.

आता माझा पराक्रम. पोपटरावांच्या फोनवर नवं व्हर्जन टाकताना तो माझ्या हातून सटकला – थेट दुधाच्या उघड्या कॅनमध्ये.

"इंजिनियर, फोनला साय धरली की वो," एवढंच ते म्हणाले. फोन बारामतीत दुरुस्तीला टाकला.

त्याच आठवड्यात वादळ झालं. तिकडचे टॉवर बंद, रस्त्यावर झाडं आडवी, टेम्पो आलाच नाही. सकाळी डेअरीवर उभा होतो, तर खिशातला फोन वाजला. ताईची पोस्ट : "गाय अडलीय. पाय दिसतोय, वासरू येत न्हाय. हितं डॉक्टर मिळंना. कुणीतरी पाठवा."

जुनी असेल म्हटलं, माझंच ॲप... पण वेळ त्याच सकाळची होती. शेजारीच जनावरांचे डॉक्टर चहा पीत होते. त्यांना दाखवलं.

"खरं हाय, का तुझं नेहमीसारखं?"

"माहीत नाही, डॉक्टर."

"बघून येतो. खोटं निघालं तर तुलाच दावणीला बांधीन."

मोटारसायकल काढून ते झाडांच्या कडेकडेनं गेलेसुद्धा.

दुपारनंतर टॉवर चालू झाला आणि ताईचा फोन आला. रडत होती की हसत होती, कळेना.

"दोघीबी वाचल्या रं. कालवड झालीय. पण तू डॉक्टर धाडलास कसा? माझी पोस्ट गेलीच न्हाय. अजून 'थांबली आहे' असंच दाखवतंय."

बरोबरच होतं. ती गोठ्यातून हलली नव्हती, ॲपवालं दुसरं कुणी तिकडं फिरकलं नव्हतं. मी पोस्टचा मार्ग उघडला. ताई, मग पोपटराव, मग मी.

रस्ता मोकळा झाल्यावर पोपटरावांना घेऊन बारामती गाठली. दुरुस्तीवाल्यानं ट्रे पुढं सरकवला. स्क्रीन एकीकडं, बॅटरी दुसरीकडं, बोर्डावर वाळलेलं दूध.

"तुमी दिला त्याच दिवशी खोललाय. तवापासनं असाच पडलाय. वास मारतोय नुसता."

मी नोंदी तपासल्या, घड्याळं जुळवली, हुशार मित्रांना विचारलं. एकानं ॲप बंद करून शेती करायचा सल्ला दिला. उत्तर आजतागायत मिळालेलं नाही. वरकुट्यात मात्र आता घरटी ॲप आहे, मला न विचारता एकमेकांनी टाकून घेतलेलं.

त्या दिवशी दुरुस्तीवाला विचारत होता, "बोर्ड बदलू का?"

पोपटरावांनी सगळे तुकडे रुमालात बांधले आणि टेम्पोच्या काचेखाली नीट ठेवले.

"कशाला बदलायचा? चालतोय की."